मऊ लागले म्हणून…

(द्वितीय वर्ष, कला)

मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, अशी एक म्हण आपल्या मराठीत आहे. शाळेत आपण तिचा अर्थ लिहितो, दोन गुण मिळवतो आणि विसरून जातो. ही म्हण कोणाला उद्देशून आहे याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. मऊ माणसाला ती काहीच सांगत नाही. 'तू आता कठीण हो' असा उपदेशही करीत नाही. ती दटावते खणणाऱ्याला. म्हणजे ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली असेल, त्याच्या मते दोष मातीच्या मऊपणात नव्हता. दोष कोपरात होता.

आज हिशेब नेमका उलटा झाला आहे. खणणाऱ्याला आपण 'धडाडीचा', 'हुशार', 'काम करून घेणारा' म्हणतो आणि दोष मऊ माणसाच्या माथी मारतो. 'तो म्हणजे गरीब गाय', 'तिला काही बोलताच येत नाही', 'असा राहिलास तर लोक विकून खातील', ही वाक्ये आपण रोज ऐकतो आणि बोलतोही. बोईसर स्टेशनात सकाळच्या गाडीत शिरायचे असेल तर खांदा लावावा लागतो. रिक्षाच्या रांगेत आवाज चढवावा लागतो. औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला आपला एखादा मित्र सहा महिन्यांनी भेटला, तर त्याची भाषा बदललेली असते. तो म्हणतो, "तिथे शिवी दिल्याशिवाय कोणी हलत नाही." आपण मान डोलावतो. हळूहळू आपल्यालाही वाटू लागते की सौम्यता ही पुस्तकात ठेवायची वस्तू आहे आणि जगात वावरायचे तर नखे वाढवलीच पाहिजेत.

या समजुतीशी माझे भांडण आहे. ते भांडण शक्य तेवढ्या सौम्यपणे मांडायचा मी प्रयत्न करणार आहे.

मी एका मराठी ख्रिस्ती घरातली मुलगी आहे. माझे वडील जालना जिल्ह्यातून कामासाठी बोईसरला आले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. रविवारच्या उपासनेत सौम्यता, ममता, सहनशीलता हे शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाचे जे नऊ गुण सांगितले आहेत, त्यांत ममता आणि सौम्यता हे दोन आहेत. डोंगरावरील प्रवचनात येशूने ज्यांना धन्य म्हटले, त्यांत सौम्य माणसेही आहेत. एवढेच नव्हे, तर भूमीचा वारसा त्यांच्याकडे जाईल असे आश्वासनही तिथे आहे.

हे आश्वासन आपल्या पालघर जिल्ह्यात बसून वाचताना कोणालाही थोडे हसू येईल. भूमीचा वारसा! इथे तर सातबाऱ्यावरून सर्वांत आधी नाव उडते ते सौम्य माणसाचेच.

हा विनोद नाही, आपल्या भागाचा इतिहास आहे. तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यातल्या वारली समाजाएवढा मृदू समाज शोधून सापडणार नाही, असे जुने लोक सांगतात. त्या मृदुपणाचे काय झाले? सावकार आणि जमीनदार यांनी त्यांच्या जमिनी घेतल्या. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी तरुण जोडपी 'लग्नगडी' म्हणून जमीनदाराच्या घरी राबत राहिली. वेठबिगार हाच तिथला कायदा झाला. मऊ लागले म्हणून कोपराने खणणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर गोदावरी परुळेकर यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक प्रत्येकाने वाचावे. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले, तेव्हा कोठे खणणारा हात थांबू लागला. अगदी अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ज्याचे घर, अंगण आणि समुद्र तिन्ही गेले, त्या माणसासमोर उभे राहून 'बाबा रे, सौम्य हो' असे सांगण्याची माझी छाती नाही, आणि ती कोणाची असूही नये.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बलवानाने दुबळ्याला केलेला सौम्यतेचा उपदेश ही फसवणूक आहे. ज्याच्या पाठीवर पाय आहे त्याला 'हलू नकोस' म्हणणे आणि त्या सांगण्याला धर्माचे नाव देणे, हे पाप आहे. ख्रिस्ती लोकांनी हे पाप केलेच नाही असेही नाही. येशूचे नाव घेऊन पोर्तुगीज इथे आले. १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात गेली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. त्या नावाखाली काय काय घडले, ते इतिहासाच्या तासाला आपण शिकलो आहोत. आपल्या तारापूरला किल्ल्याचे अवशेष आहेत. तो किल्ला पोर्तुगीजांचा होता आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. त्याच वर्षी वसईही पडली. ज्या बळाच्या जोरावर ते राज्य उभे होते, त्याचे आज काय उरले? पडके बुरूज आणि त्यांवर उगवलेली झाडे.

उरली ती दुसरीच गोष्ट. वसईचा ख्रिस्ती शेतकरी राहिला. त्याची वाडी, त्याची केळी, फुले, भाजी राहिली. त्याची सामवेदी आणि वाडवळी बोली राहिली, लग्नातली मराठी गाणी राहिली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून, इथल्या माणसांची भाषा शिकून, ओवीसारख्या छंदात लिहिलेले आणि १६१६ साली छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण' राहिले. हे पुराण आजही आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अभ्यासाला असते. तोफा मात्र संग्रहालयात जातात. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याचीच भाषा आदराने शिकणे हीसुद्धा सौम्यताच होय, आणि ती तोफेपेक्षा जास्त टिकली.

आता प्रश्न असा की सौम्यता म्हणजे नेमके काय? भीती आणि सौम्यता यांत आपण फार गल्लत करतो, कारण वरून दोन्ही सारख्याच दिसतात. भ्यालेला माणूस हळू बोलतो, सौम्य माणूसही हळू बोलतो. मग ओळखायचे कसे? मला एक सोपी कसोटी सुचते. माणूस आपल्यापेक्षा वरच्याशी कसा बोलतो ते पाहू नये. खालच्याशी कसा बोलतो ते पाहावे. साहेबासमोर जो मान वर करीत नाही आणि घरी येऊन बायकोवर, पोरांवर ओरडतो, तो सौम्य नव्हे. तो केवळ भ्यालेला आहे, आणि भीतीचे व्याज घरी वसूल करतो आहे. ज्याला रागावणे शक्य आहे, ज्याच्या हातात शिक्षा आहे, तरीही ज्याचा आवाज चढत नाही, त्याला सौम्य म्हणावे. सौम्यतेला सामर्थ्याची अट आहे. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याच्या गप्प बसण्याला आपण सद्गुण म्हणू नये.

दुसरी गल्लत मौनाची. 'एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा' ही येशूची शिकवण सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यावरून ख्रिस्ती माणसाची थट्टाही होते. पण येशूला स्वतःला जेव्हा थप्पड बसली तेव्हा त्याने काय केले, हे फारसे कोणी सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो प्रसंग आहे. त्याला बांधून महायाजकासमोर उभे केले होते. त्याने एका प्रश्नाला सरळ उत्तर दिले, तेव्हा जवळच्या शिपायाने त्याच्या तोंडात मारली. येशूने उलट हात उचलला नाही, शाप दिला नाही. पण तो गप्पही राहिला नाही. माझ्या बोलण्यात काही वाईट असेल तर ते दाखवून दे आणि नसेल तर मारलेस का, अशा अर्थाचा प्रश्न त्याने त्या शिपायाला विचारला. या प्रसंगाचा मी खूप विचार केला आहे. त्याने त्या शिपायाला शिपाई मानले नाही, माणूस मानले. माणसालाच प्रश्न विचारता येतो. मारणाऱ्याच्या आतही विचार करणारे कोणीतरी असेल, असा तो विश्वास होता. माझ्या मते ख्रिस्ती सौम्यतेचे मर्म हेच आहे. हात उचलायचा नाही, पण प्रश्नही सोडायचा नाही.

हे केवळ पुस्तकी आहे असे कोणी म्हणेल म्हणून घरातली एक गोष्ट सांगते. माझे वडील एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात. दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात त्यांच्या ओव्हरटाइमचे तास हजेरीत कमी लागले. ते विचारायला गेले तेव्हा ठेकेदाराने सगळ्यांसमोर त्यांना आईवरून शिवी दिली. पप्पा अंगाने दणकट आहेत. पोती उचलून उचलून त्यांचे हात लाकडासारखे झाले आहेत. ते म्हणाले, "साहेब, माझा हिशोब चुकला असेल तर कार्ड काढून दाखवा, मी आत्ता जातो. चुकला नसेल तर माझ्या आईचे नाव कशाला घेता? ती तुमच्याही आईच्या वयाची आहे." आवाज चढला नाही आणि पाऊल मागेही गेले नाही. बाजूला उभे असलेले दोन हेल्पर, एक ओडिशाचा आणि एक बिहारचा, ते पुढे येऊन पप्पांच्या शेजारी उभे राहिले. कार्ड काढावे लागले.

यापुढे काही चमत्कार घडला असे नाही. सगळे पैसे मिळालेच नाहीत, निम्मे मिळाले. ठेकेदाराची जीभही सुधारली नाही. पण त्या दिवसापासून ते दोघे हेल्पर महिनाअखेरीला आपले कार्ड स्वतः पाहायला मागू लागले. पप्पांनी त्या दिवशी हात उचलला असता तर काय झाले असते? काम गेले असते, कदाचित पोलीस चौकीही झाली असती, आणि त्या हेल्परांनी एवढाच धडा घेतला असता की विचारायला जाऊ नये. ते गप्प परतले असते तरी धडा तोच. म्हणून मी म्हणते की भीती आणि हिंसा या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचा शेवट एकाच ठिकाणी होतो: पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. सौम्यता मात्र बोलायला वाट ठेवते, आपल्यालाही आणि समोरच्यालाही.

आपल्या गावाशेजारच्या एका मोठ्या वस्तूचा दाखला इथे देण्याचा मोह होतो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी त्याच्याकडे केवळ एक उंच चिमणी म्हणून पाहतो. पण विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मैत्रिणीने मला त्याची एक खुबी समजावून सांगितली. युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातून निघणारे न्यूट्रॉन अतिशय वेगाने धावत असतात. आपल्याला वाटेल की जितका वेग जास्त तितके काम जास्त. प्रत्यक्षात उलट आहे. फार वेगाने धावणारा न्यूट्रॉन पुढचा अणू फोडण्यात बहुधा चुकतो. म्हणून त्याला पाण्यातून नेऊन मंद करावे लागते. मंदावलेला न्यूट्रॉनच पुढचा अणू चांगला फोडतो, आणि मग त्या उष्णतेवर वाफ, वाफेवर चाक आणि चाकावर वीज. संयम काढून घेतला तर तीच शक्ती शहरे जाळते. शक्ती एकच, एकीकडे दिवा, एकीकडे राख. मंद करणे म्हणजे दुबळे करणे नव्हे, हे ज्या गावाच्या शेजारी रोज सिद्ध झाले, त्या गावच्या मुलांनी तरी सौम्य माणसाला दुबळा म्हणू नये.

आता माणसांचा दाखला पाहू. आपल्याच जिल्ह्यातले, वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. १९८३ पासून दोन दशकांहून अधिक काळ ते 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादक होते. अत्यंत मृदुभाषी माणूस, बायबलइतकेच संतसाहित्यात रमलेला. त्यांच्या 'सुबोध बायबल' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. एवढेच सांगून थांबले तर कोणी म्हणेल, 'धर्मगुरूच तो, गोड बोलणारच.' पण हाच माणूस १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई संरक्षण समिती'च्या अग्रभागी उभा राहिला. वसईच्या वाड्या, विहिरी आणि झाडे बांधकामाखाली जाणार होती, पाण्याचा बेसुमार उपसा होत होता आणि त्या काळी वसईत गुंडगिरीची अशी दहशत होती की लोक दार लावून बोलत. तेव्हा त्यांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या, लेख लिहिले. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती होते तसेच हिंदू आणि मुसलमानही होते. हातात काठी नव्हती, जिभेवर शिवी नव्हती. भीतीने मिटलेली तोंडे त्यांनी उघडली आणि तीही सौम्य शब्दांनी.

पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा 'ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कशाला?' असा गदारोळ उठला. फोनवरून धमक्या आल्या. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे संमेलन भरले. पाठीच्या दुखण्याने ते हैराण होते. तरीही ते गेले, आपल्या पदावरून बोलायचे ते बोलले आणि उपचारासाठी परतले. कोणावर त्यांनी उलट चिखल फेकला नाही. विरोध करणाऱ्यांची नावे आज किती जणांना आठवतात? पण त्या व्यासपीठावर एक मराठी ख्रिस्ती माणूस मराठीतच बोलला, ही गोष्ट आमच्यासारख्या घरांत आठवणीत राहिली आहे. मराठीच्या तासाला बाकावर मी मागे न बसता पुढे बसते, याच्या कारणांत तेही एक आहे.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली, देशभर पायी हिंडलेली ही विदुषी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली. १८८९ साली तिने मुंबईला शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात ती स्वतः मध्य प्रांतात गेली आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन आली. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न मिळाले, अक्षर मिळाले, विणकाम, छपाई असे हातचे काम मिळाले. अंध मुलींनाही तिथे शिकवले गेले. दयाळूपणाचे याहून मोठे चित्र कोणते? पण ही दयाळू बाई कोणापुढे वाकली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. पुण्यातल्या सनातन्यांपुढे नाही, हे तर सर्वश्रुतच आहे. १८९७ च्या प्लेगात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तिने वृत्तपत्रात पत्र लिहून इंग्रज सरकारलाही जाब विचारला. आणि ज्या इंग्रज जोगिणींनी तिला मायेने आसरा दिला होता, त्यांनी श्रद्धेच्या बाबतीत निमूट आज्ञापालनाची अपेक्षा केली, तेव्हा तिने त्यांनाही नम्रपणे पण ठामपणे कळवले की एका पुरोहितशाहीतून सुटून मी दुसरीचे जोखड घेणार नाही. उपाशी मुलीसमोर लोणी आणि सत्तेसमोर पोलाद! रमाबाईंना हे दोन स्वभाव वेगळे जपावे लागले नाहीत, कारण मुळात तो एकच स्वभाव होता. मुलीबद्दल कळवळा होता, म्हणूनच सत्तेपुढे ताठरपणा होता.

हा ठेवा केवळ ख्रिस्ती माणसांचा आहे असा माझा दावा नाही. मेणाचा मऊपणा आणि वज्राचा कठीणपणा एकाच अंतःकरणात नांदतो, हे आपल्याला तुकोबांनी कधीच सांगून ठेवले आहे. लगेच कोणीतरी म्हणेल, 'पण त्याच अभंगात काठीही आहे!' आहे खरी. पण तुकोबांनी स्वतःच्या छळकर्त्यांवर ती किती वेळा उगारली, हेही त्यांचे चरित्र वाचून पाहावे. आईच्या मायेने लिहिणारे साने गुरुजी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. अकरा दिवसांनी दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. रडवे म्हणून ज्यांची थट्टा होत असे, त्या गुरुजींनी ते दार हलवले.

तरीही एक कटू सत्य लपवता येत नाही. सौम्यता दर वेळी जिंकत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे, चोरांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना ठार मारले. गावच्या महिला सरपंचांनी जमावाला समजावण्याचा प्रयत्न केला, असे तेव्हा बातम्यांत आले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. त्याच एप्रिलमध्ये आमच्या चाळीत टाळेबंदीत अडकलेल्या परप्रांतीय मजुरांसाठी बायका आळीपाळीने खिचडी शिजवीत होत्या. जिल्हा एकच, महिना एकच, भीतीही एकच. एकीकडे भीतीने दगड उचलला, एकीकडे पातेले चुलीवर ठेवले. गडचिंचल्याला त्या रात्री एक सौम्य आवाज कमी पडला, यावरून सौम्यता निरुपयोगी ठरत नाही. असे आवाज आपण आधीपासून पुरेसे घडवले नाहीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. जमावात शंभर हात असतात. 'थांबा, आधी विचारू तरी' म्हणणारी दहा तोंडे असती तर?

ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याकडूनही सौम्यतेचा अर्थ शिकता येतो. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. क्षमा केली म्हणजे न्यायालयाचे दार बंद करा असे त्यांनी म्हटले नाही. कायद्याचे काम कायद्याने केले. त्यांनी फक्त आपल्या मनात द्वेषाला घर दिले नाही. आणि त्या पळून गेल्या नाहीत. पुढची काही वर्षे त्या बारीपद्याला त्याच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सूड घ्यायला जितके बळ लागते, त्याच्या किती पट बळ जखमा धुवायला परत जाण्यासाठी लागले असेल! हे बळ माझ्यात आहे असे मी म्हणू शकत नाही. पण ते माणसात असू शकते, हे मला आता माहीत आहे.

इथे माझ्या मैत्रिणींसाठी एक शब्द. सौम्यतेचा उपदेश आपल्या घरांत मुलींच्या वाट्याला जरा जास्तच येतो. 'मुलीच्या जातीने हळू बोलावे', 'सोसायला शिक'. ख्रिस्ती घरेही याला अपवाद नाहीत. माझे म्हणणे असे की पौलाने सांगितलेले फळ बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे नाही. सौम्यता हा गुण असेल तर तो आधी भावाला शिकवा, कारण घरात आवाज चढवायची मुभा त्यालाच आहे. आणि मुलीला सौम्यतेबरोबर येशूचा तो प्रश्नही शिकवा: माझे काय चुकले ते दाखवा, नाही तर मला का मारता? हा प्रश्न वगळून शिकवलेली सौम्यता म्हणजे गुलामगिरीची पहिली इयत्ता होय.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच शिकणारे आहेत. आपले आईवडील प्रवेशाच्या वेळी खिडकीशी येतात तेव्हा त्यांना 'डोमिसाइल', 'नॉन-क्रीमिलेअर', 'गॅप सर्टिफिकेट' हे शब्द कळत नाहीत. हातातली कागदांची पिशवी घट्ट धरून ते उभे असतात. त्या क्षणी खिडकीतल्या माणसाने 'बाजूला व्हा' म्हटले की 'काका, दाखवा बघू काय काय आणलेय' म्हटले, यावर एक मूल पदवीपर्यंत जाते की परत जाऊन कारखान्याच्या गेटावर उभे राहते, हे ठरू शकते. तासाला एखादा मुलगा इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारतो, वर्ग हसतो. त्या वेळी प्राध्यापक काय करतात, यावर तो मुलगा पुन्हा तोंड उघडणार की नाही हे अवलंबून असते. आपल्या गुरुजनांच्या हातात गुण आहेत, हजेरी आहे, दाखले आहेत. म्हणजेच सामर्थ्य आहे. म्हणून सौम्यतेची पहिली अपेक्षा त्यांच्याकडून करण्याचा हक्क आम्हांला आहे, आणि ती पूर्ण करणारे प्राध्यापक आम्हांला लाभले आहेत हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

पण मित्रहो, सामर्थ्य आपल्याही हातात आहे. तृतीय वर्षाचा विद्यार्थी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा बलवान असतो. बोईसरचा मुलगा आतल्या पाड्यावरून येणाऱ्या मुलापेक्षा बलवान असतो. जिला इंग्रजी येते ती, जिला येत नाही तिच्यापेक्षा बलवान असते. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी उभे आहे. आपला कोपर नेमका कोणाला लागतो आहे, एवढे प्रत्येकाने रोज एकदा पाहिले आणि तो थोडा आवरून घेतला, तरी भूमीचा वारसा सौम्य माणसांकडे जाण्याची सुरुवात आपल्या वर्गाच्या बाकावरून होऊ शकेल. सातबाऱ्याचे पुढे पाहता येईल; बाकावर शेजाऱ्याला जागा करून द्यायला तलाठ्याची सही लागत नाही.